किट परत न पाठवण्याचा सुलभ अभ्यासक्रम

(मराठी माध्यम. प्रवेशपात्रता: वय 50 ते 74, वास्तव्य इंग्लंडात, नाव जीपीकडे नोंदलेलं. फी नाही.)

प्रास्ताविक

हॅरो असो, हाउन्स्लो असो, लेस्टर असो की मिल्टन कीन्स, पन्नाशी गाठलेल्या माणसाच्या दारातल्या फटीतून एक दिवस एनएचएसचं पाकीट आत पडतं. ते कुणी मागवलेलं नसतं, त्याचे पैसेही कुणी भरलेले नसतात. आत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी घरच्या घरी करायच्या तपासणीचं किट असतं. शौचाचा किंचितसा नमुना घ्यायचा आणि टपालानं परत धाडायचा, एवढंच काम. दर दोन वर्षांनी हे पाकीट येतं आणि चौऱ्याहत्तरीपर्यंत येत राहतं. ते वापरायचं कसं, याची सचित्र माहिती आतच असते. ते न वापरता घरात ठेवून कसं द्यायचं, याबद्दल मात्र मराठीत एक ओळही उपलब्ध नव्हती. ती उणीव या अभ्यासक्रमानं भरून निघावी.

विषयाला इतिहास आहे. इंग्लंडात ही योजना 2006 साली सुरू झाली, तेव्हा प्रवेश साठीला मिळायचा. 2021 पासून टप्प्याटप्प्यानं वयाची अट पन्नाशीपर्यंत खाली आली, त्यामुळे वर्गात आता केस काळे असलेले चेहरेही दिसतात. सुरुवातीच्या सव्वादोन वर्षांत सुमारे 26 लाख लोकांना बोलावणं गेलं आणि 54 टक्क्यांनी किट परत पाठवलं. उरलेले 46 टक्के म्हणजे आपले पूर्वसूरी. सर्वांत सधन वस्त्यांत परत पाठवणारे 61 टक्के होते, सर्वांत गरीब वस्त्यांत 35 टक्के. आपल्या पंथाचा विस्तार नेमका कुठं झाला आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे या दोन आकड्यांवरून कळतं. अभ्यासक्रमात त्यावर प्रश्न विचारला जाणार नाही, कारण उत्तर कुणालाच आवडत नाही.

आज मात्र तिघांपैकी दोघं किट परत पाठवतात. पंथ ओसरतो आहे. समोरच्या बाजूला पत्रं आहेत, डॉक्टर आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत आणि तुमच्या घरातलं एक माणूस फितूर आहे. तेव्हा नवशिक्यांनी पाठ क्रमानं वाचावेत.

पाठ 1: पूर्वसूचनेचं पत्र

किट येण्याच्या थोडे दिवस आधी एक साधं पत्र येतं. ‘लवकरच तुम्हाला किट मिळेल’ असं त्यात लिहिलेलं असतं. नवशिक्याला वाटतं, पत्रात करण्यासारखं काहीच नाही, मग वाचायला काय हरकत आहे? पहिली चूक इथंच होते.

स्कॉटलंडमध्ये या पत्राची रीतसर परीक्षा घेतली गेली. काहींना आगाऊ पत्र पाठवलं, काहींना थेट किट. आगाऊ पत्र मिळालेल्यांत किट परत करणारे सुमारे पाच टक्क्यांनी जास्त निघाले. कारण उघड आहे. न सांगता दारात पडलेली वस्तू जाहिरातीच्या कागदांबरोबर कचऱ्यात जाते. आधी वर्दी देऊन आलेली वस्तू निदान टेबलावर तरी ठेवली जाते, आणि टेबलावर ठेवलेली वस्तू धोकादायक असते.

कृती: पत्र वाचू नये. कौन्सिल टॅक्सच्या बिलाखाली सरकवावं.

पाठ 2: साहित्याची ओळख

शत्रू ओळखल्याशिवाय लढता येत नाही, म्हणून पाकीट एकदा उघडून पाहायला परवानगी आहे. आत काय असतं? बोटाएवढी प्लास्टिकची बाटली. तिच्या झाकणाला आतून एक काडी जोडलेली, काडीच्या टोकाला बारीक खाचा. एक माहितीपत्रक. आणि परत पाठवायचं पाकीट, ज्यावर तिकीट लावावं लागत नाही.

वापरायची रीत अशी (ही केवळ सावध राहण्यासाठी दिली आहे). बाटलीवर तारीख लिहायची. शौच कमोडमधल्या पाण्यात पडण्याआधी एखाद्या स्वच्छ रिकाम्या डब्यात किंवा टॉयलेट पेपरच्या घड्यांवर घ्यायचं. झाकण पिळून काडी बाहेर काढायची, खाचा भरतील इतपत शौचावरून फिरवायची, परत बाटलीत घालून झाकण ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबायचं. मग हात धुवायचे आणि पाकीट लाल पेटीत टाकायचं.

रिकामा डबा घरात नाही, ही सबब मराठी विद्यार्थ्यानं देऊ नये. ती टिकत नाही. श्रीखंडाचे, दह्याचे, आइस्क्रीमचे डबे धुऊन, झाकणासकट, एकात एक घालून सिंकखालच्या कपाटात ठेवलेले असतात. ‘लागतील कधीतरी’ म्हणून ते जमवलेले असतात, आणि ही ती वेळ आहे हे घरातल्या काकूंच्या लक्षात येतं. (वापरलेला डबा नंतर टाकून द्यावा. हे सांगावं लागतंय, कारण आपल्याला डबे टाकवत नाहीत.)

पूर्वीच्या विद्यार्थ्यांचं बरं होतं. जुन्या चाचणीत पुठ्ठ्याचं कार्ड यायचं. तीन वेगवेगळ्या वेळच्या शौचातून प्रत्येकी दोन, असे सहा ठिपके त्यावर लावायचे, आणि ते कार्ड तेवढे दिवस घरात कुठंतरी ठेवायचं. हे नुसतं वाचूनच लोक आपल्या बाजूला यायचे. मग नवी चाचणी आली, फिट नावाची. एकच नमुना, एकच दिवस. इंग्लंडात दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा परत पाठवणारे 59 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेले. आधीची बोलावणी पचवून बसलेल्या मुरब्बी मंडळींत हे प्रमाण साडेबारावरून जवळजवळ 24 टक्क्यांवर, म्हणजे दुपटीच्या घरात गेलं. 2019 मध्ये नवी चाचणी देशभर लागू झाली. पंथाचा हा सर्वांत मोठा पराभव, आणि तो कुठल्याही उपदेशानं घडवलेला नाही. काम सहा ठिपक्यांवरून एका काडीवर आणलं, बस्स.

हा पाठ विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचावा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

पाठ 3: जागेची निवड

किट कुठं ठेवायचं, यावर निम्मं यश अवलंबून असतं. उत्तम जागा म्हणजे स्वयंपाकघरातला तो एक ड्रॉवर, ज्यात जुन्या बॅटऱ्या, टेकअवेची मेन्यूकार्डं, रबरबँड आणि कुठल्या कुलपाची ते आठवत नाही अशी किल्ली असते. तिथं गेलेली वस्तू घर बदलतानाच बाहेर येते. मध्यम जागा: फाइलमध्ये, पासपोर्टांजवळ. इथं किटला मान मिळतो आणि मान मिळालेल्या वस्तूला सहसा कुणी हात लावत नाही.

सर्वांत वाईट जागा: संडासातल्या फ्लशच्या टाकीवर. बाटली तिथं, पेन तिथं, डबा तिथं, तर मग ज्या क्षणी आठवण व्हायला हवी त्याच क्षणी ती नजरेसमोर येते. या एका चुकीपायी अनेक होतकरू विद्यार्थी वाया गेले आहेत.

‘हरवलं’ असं सांगून सुटका होईल, या भ्रमात राहू नये. 0800 707 60 60 या मोफत क्रमांकावर फोन केला की नवं किट येतं. दुर्दैवानं हा क्रमांक पाकिटातल्या पत्रावरच छापलेला असतो.

पाठ 4: सबबी, प्रतवारीसह

*‘मला काही त्रासच नाही.’* नवशिक्यांची आवडती. ऐकायला भक्कम, आतून पोकळ. ही चाचणी त्रास नसलेल्यांसाठीच आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणारे कोंब, ज्यांना पॉलिप म्हणतात, वर्षानुवर्षं गुपचूप असतात. त्यांतले काही पुढं कॅन्सर होतात. अधूनमधून त्यांतून डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपतं, आणि चाचणी तेच शोधते. वेळीच सापडलेला पॉलिप दुर्बिणीतून तिथल्या तिथं काढता येतो. म्हणजे ही चाचणी कॅन्सर नुसता शोधत नाही, कधीकधी तो होऊही देत नाही. प्रत: क.

*‘आम्ही शाकाहारी’* आणि तिची जुळी बहीण *‘कालच मटण खाल्लं’.* पहिलीचा अर्थ असा की रोग होणारच नाही, दुसरीचा असा की चाचणी चुकेल. शाकाहारानं धोका थोडा कमी होऊ शकतो, माफ होत नाही. आणि फिट चाचणी फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते, बोकडाच्या रक्ताशी तिला कर्तव्य नाही. जुन्या चाचणीच्या काळात दुसरी सबब थोडी तरी चालायची. प्रत: ड.

*‘आपल्या लोकांत हा रोग नसतो.’* ही सबब अर्धसत्यावर उभी असल्यानं बराच काळ तग धरते. भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण इंग्लंडपेक्षा खरंच कमी आहे. पण देश बदलला की खाणं बदलतं, चालणं बदलतं, आणि स्थलांतरितांमधलं प्रमाण पिढ्यांगणिक नव्या देशाच्या प्रमाणाकडे सरकत जातं. ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे 44 हजार लोकांना हा कॅन्सर होतो, आणि कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या कॅन्सरखालोखाल याचा नंबर लागतो. दक्षिण आशियाई घरांतून किट परत येण्याचं प्रमाण मात्र इथं सुरुवातीपासून कमी राहिलं आहे. प्रत: ब.

*‘ऑक्टोबरात पुण्याला जाणारच आहे, तिथं फुल बॉडी चेकअप करून येईन.’* आपल्या अभ्यासक्रमातलं हे रत्न. यात काम नाकारलेलं नाही, उलट मोठं करून पुढं ढकललं आहे. शिवाय मायदेशाचा अभिमान आहे. पुण्यात पोचल्यावर पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी असं सगळं होतं, जाडजूड फाइल मिळते, आणि मोठं आतडं आतून कुणी पाहिलेलं नसतं. भारत सरकारच्या कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरच्या तपासण्या आहेत, आतड्याची नाही. तेव्हा फाइल हातात, मन निश्चिंत आणि किट हॅरोतल्या ड्रॉवरमध्ये. प्रत: अ.

*‘किळस येते.’* प्रामाणिक सबब, म्हणून कुणी उघडपणे देत नाही. मंडळाच्या कोजागरीला आटीव दुधाबरोबर गुडघे, मोतीबिंदू, बायपास, कुणाच्या व्याह्यांचं प्रोस्टेट, सगळं निघतं. आतडं निघत नाही. त्यामुळे शेजारी बसलेल्या चौघांनी किट कधीच परत पाठवलं आहे, हे विद्यार्थ्याला कळतच नाही. ही शांतता पंथाचा मोठा आधार आहे. ती मोडू देऊ नये.

*‘आणि काही निघालं तर?’* खरी सबब ही. बाकीच्या सगळ्या हिच्यावर पांघरूण घालायला असतात. हिच्यावर उपदेश चालत नाही, आकडे थोडे चालतात. किट पाठवणाऱ्या शंभरांतल्या सुमारे 98 जणांना ‘पुढं काही करायची गरज नाही’ असं उत्तर येतं, तेही साधारण दोन आठवड्यांत. उरलेल्या दोघांनाही कॅन्सर झाला असा अर्थ नसतो. त्यांना दुर्बिणीनं आतडं तपासायला, म्हणजे कोलोनोस्कोपीला बोलावतात. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांपैकी दहांतले नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. चौथ्या टप्प्यात सापडलेल्यांपैकी दहांतला एक. कळू नये म्हणून थांबणारा माणूस पहिल्या गटातून हळूहळू दुसऱ्या गटाकडे चालत असतो. प्रत द्यायला परीक्षक तयार नाहीत.

पाठ 5: आठवणींचा मुकाबला

चार आठवड्यांत किट पोचलं नाही, की स्मरणपत्र येतं. तेही पचवलंत, तर काही काळानं तुमच्या जीपीला तसं कळवतात आणि दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं येतं. एवढ्या सभ्य शत्रूला हरवणं सोपं वाटेल. पण तो गप्प बसलेला नाही.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मानसशास्त्रज्ञ जेन वॉर्डल यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडात चार मोठे प्रयोग झाले. निष्कर्ष 2016 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पहिल्यात सोप्या भाषेतलं छोटं पत्रक जोडून पाहिलं. दुसऱ्यात किट वापरलेल्या माणसांच्या गोष्टी सांगून पाहिल्या. दोन्ही प्रयोगांत कागद वाढला म्हणून लोकांनी किटं जास्त पाठवली, असं काही झालं नाही. पंथानं सुटकेचा निःश्वास टाकला. तिसऱ्यात पत्रावर माणसाच्या स्वतःच्या जीपीच्या दवाखान्याचं नाव घातलं आणि आकडा 57.5 वरून 58.2 टक्क्यांवर गेला. चौथ्यात स्मरणपत्राच्या वर फक्त एक ठळक पट्टी छापली: ही तुम्हाला आठवण आहे, तपासणीची संधी अजून आहे. आकडा 25.1 वरून 25.8 झाला, आणि गरीब वस्त्यांत त्याचा परिणाम जास्त दिसला.

पाऊण टक्का! हसू येईल. पण हिशेब करून पाहा. दहा लाख स्मरणपत्रांवर ही पट्टी छापली, तर सात हजार किटं जास्त परत येतात, आणि खर्च म्हणाल तर शाईचा. पंथातले सात हजार लोक एका पट्टीपायी गळतात.

लंडनमध्ये मोबाइलवर मेसेज पाठवून पाहिला. आठ आठवडे झाले तरी किट न पाठवलेल्यांना हा मेसेज गेला. एकूणात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो पहिल्यांदाच बोलावणं आलेल्यांत. तिथं पस्तिसाच्या आसपासचा आकडा चाळिसाच्या आसपास गेला. यातून धडा असा: ज्यांची सवय अजून पक्की झालेली नाही, ते एका मेसेजनंही हलतात. म्हणून नवशिक्यांनी पहिल्या वर्षी फोनपासून जपून राहावं. एकदा तीन-चार किटं ड्रॉवरमध्ये साठली, की मेसेज कितीही येऊ देत.

सर्वांत ताजा हल्ला पुन्हा स्कॉटलंडचा. 40 हजार लोकांवरच्या प्रयोगात काहींच्या पत्रात एक ओळ वाढवली: किट अमुक मुदतीत परत पाठवा. दोन आठवड्यांची मुदत दिलेल्यांत परत करणारे 66 वरून 68 टक्क्यांवर गेले आणि स्मरणपत्रंही कमी पाठवावी लागली. याच प्रयोगात काहींना ‘अडचणी आणि त्यांवरचे उपाय’ लिहून काढायचा एक कागद दिला होता. तो कागद मात्र आपल्या बाजूनं निघाला. लोकांना काम सोपं करायचा कागद दिला, तर तो भरणं हे आणखी एक काम होऊन बसतं.

मुदतीची ओळ काय करते, हे समजायला गणपतीची वर्गणी आठवावी. ‘कधीतरी देऊन टाका’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला जन्मात वर्गणी मिळत नाही. मिळते ती पावतीपुस्तक उघडून, वरच्या मजल्यावरच्या जोशांचा आकडा दिसेल असं धरून, ‘रविवारी सकाळी येतो’ म्हणणाऱ्याला. त्याच्या हातात पेन असतं, पावती अर्धी लिहिलेली असते, तुम्हाला फक्त ‘बरं’ म्हणायचं असतं. तो तुम्हाला गणपतीचं महत्त्व पटवत बसत नाही. विद्यार्थ्यांनी अशा माणसापासून चार हात लांब राहावं.

बाजारहाट करतानाही सावध राहा. डेबोरा जेम्स या बीबीसीवरच्या पॉडकास्टच्या सादरकर्त्या 2022 साली याच कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या मोहिमेनंतर मार्क्स अँड स्पेन्सरनं टॉयलेट पेपरच्या वेष्टनावर रोगाची लक्षणं छापली. आता आठवण थेट ज्या त्या खोलीत पोचते.

पाठ 6: घरचा आहेर

सरकारी पत्राला हरवता येतं, घरच्या माणसाला हरवायला कौशल्य लागतं. आठवणीचे तीन प्रकार ओळखायला शिका.

*पहिला प्रकार, निरुपद्रवी.*

‘अहो, ते पाकीट पाठवलंत का?’

‘पाठवतो गं.’

पाच दिवसांनी पुन्हा हेच. प्रश्नात तारीख नाही, उत्तरात तारीख नाही. दोघांनाही कर्तव्य केल्याचं समाधान मिळतं आणि किट जागचं हलत नाही. असे प्रश्न येऊ द्यावेत, त्यांना प्रोत्साहन द्यावं.

*दुसरा प्रकार, उपकारक.* मँचेस्टरहून मुलीचा फोन येतो. ‘बाबा, कॅन्सर आहे हा, गंमत नाही. माझ्या मैत्रिणीचे वडील कसे गेले माहितेय ना?’ मुलीचा हेतू चांगला, पण ‘काही निघालं तर’ या सबबीला तिनं खतपाणी घातलं. बाबा म्हणतात, ‘तू काळजी करू नकोस,’ आणि विषय वायफायच्या वेगावर नेतात. भीतीनं माणूस ड्रॉवर उघडत नाही, घट्ट लावून घेतो. पंथ मुलीचा ऋणी आहे.

(सुनेकडून सासऱ्यांना या विषयाची आठवण होण्याची शक्यता नाही. ती बाजू सुरक्षित समजावी.)

*तिसरा प्रकार, घातक.* बुधवारी रात्री काकू काहीच बोलत नाहीत. गुरुवारी सकाळी काका उठतात तर फ्लशच्या टाकीवर बाटली, बाजूला उघडं पेन, खाली श्रीखंडाचा रिकामा डबा. स्वयंपाकघरातून आवाज येतो:

‘अहो, चहाच्या आधी उरकून घ्या. माझं मी सोमवारीच पाठवलं, दोन मिनिटं लागतात. वरच्या पाटीलवहिनींनीही पाठवलं. पाकीट दाराशी ठेवा, टेस्कोला जाताना मी पेटीत टाकते.’

यात उपदेश नाही, कॅन्सर नाही, प्रश्नही नाही, त्यामुळे उत्तर द्यायला जागाच नाही. वेळ ठरलेली, साहित्य हाताशी, आधी कुणी केलं ते माहीत, पुढचं काम दुसऱ्यानं उचललेलं. काकांजवळ उरतं ते फक्त जे काम दुसरं कुणी करूच शकत नाही तेवढं. शास्त्रज्ञांनी लाखो पत्रं पाठवून टक्क्याटक्क्यानं जे शोधलं, ते सगळं काकूंच्या चार वाक्यांत आहे. या प्रकारावर पंथाकडे उपाय नाही. चहा थंड होऊ लागतो आणि विद्यार्थी शरण जातो.

अपवाद

पुढील परिस्थितीत हा अभ्यासक्रम लागू नाही, आणि इथं थट्टाही नाही. शौचातून रक्त जात असेल, शौचाच्या सवयी तीन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बदललेल्या असतील, कारण नसताना वजन उतरत असेल, पोटात गाठ किंवा सतत दुखणं असेल, तर किटची वाट न बघता जीपीला भेटा. वय पन्नासच्या आत असलं तरीही. नुकतंच किटचं उत्तर ‘ठीक’ आलेलं असलं तरीही, कारण एका दिवसाच्या नमुन्यात रक्त सापडेलच असं नाही. म्हणूनच तर चाचणी दोन-दोन वर्षांनी पुन्हा करायची असते.

पंचाहत्तरी गाठलेल्यांना पाकीट आपोआप येणं थांबतं. हवं असेल तर त्याच मोफत क्रमांकावर मागून घेता येतं. मागून घेणारे विद्यार्थी आमच्या पाहण्यात नाहीत.

स्वाध्याय

प्र. 1. रिकाम्या जागा भरा.
(अ) ‘पाठवतो गं’ या वाक्यात \_\_\_\_\_\_ नसते. (प्रेम / तारीख / गं)
(आ) परत पाठवायच्या पाकिटावर \_\_\_\_\_\_ रुपयांचं तिकीट लागतं. (पाच / दहा / रुपये इथं चालत नाहीत आणि तिकीटही लागत नाही)

प्र. 2. जोड्या लावा.
‘अ’ गट: जाड माहितीपत्रक, मुदतीची ओळ, मुलीचा घाबरवणारा फोन, टाकीवरची बाटली.
‘ब’ गट: विषय वायफायवर, ड्रॉवर, लाल पेटी, दोन टक्के.

प्र. 3. कारणे द्या.
(अ) सहा ठिपक्यांची चाचणी एका काडीवर आली, तेव्हा मुरब्बी विद्यार्थीही गळाले.
(आ) फुल बॉडी चेकअपची फाइल जितकी जाड, तितकं किट ड्रॉवरमध्ये खोल.

प्र. 4. थोडक्यात उत्तरे लिहा.
तुमच्या घरात आठवण करून देणारी व्यक्ती कोणत्या प्रकारात मोडते? ती तिसऱ्या प्रकाराकडे वळू नये म्हणून तुम्ही काय काळजी घ्याल?

प्र. 5. उपक्रम (ऐच्छिक).
ड्रॉवर उघडा. किट शोधा, बाटलीवरची मुदत संपली असेल तर फोन करून नवं मागवा. बाटली, पेन आणि एक रिकामा डबा आज रात्रीच संडासात नेऊन ठेवा. उद्या चहाच्या आधी पाठ 2 मधली कृती क्रमानं करा. पाकीट पेटीत टाकून आल्यावर शेजाऱ्यांना, भावाला किंवा मंडळाच्या ग्रुपवर एका ओळीत कळवा.

सूचना: उपक्रम पूर्ण करणारे विद्यार्थी दोन वर्षांसाठी नापास समजले जातील. फेरप्रवेशाचं पत्र एनएचएस स्वतःहून घरपोच पाठवेल. वेगळा अर्ज करण्याची गरज नाही.